देव्हारा नसलेल्या घरात

मूल जन्माला येते तेव्हा आपल्याकडे त्याची दैवते आधीच येऊन थांबलेली असतात. पाचव्या रात्री पाचवी पुजली जाते, सहाव्या रात्री सटवाई. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडतात, रात्रभर दिवा जागता ठेवतात आणि शेजारी एक कोरा कागद व लेखणी ठेवून देतात, कारण मध्यरात्री केव्हातरी ती यायची असते आणि मुलाच्या कपाळीचा लेख लिहून जायची असते. बारशाच्या दिवशी तोच वरवंटा टोपडे आणि दागिने लेवून पाळण्याभोवती फिरतो, आणि या दगडासारखे टणक, दीर्घायुषी हो अशी इच्छा त्याच्या वजनासह बाळाच्या अंगावरून जाते. देव न मानणाऱ्या आईबापांच्या घरी यातले काहीच घडत नाही. आमच्याकडेही घडले नाही. पण मूल कुशीत आल्यावर मला हळूहळू उमगत गेले, की एखादा विधी सोडून दिला म्हणजे त्याने पिढ्यानपिढ्या जे काम सांभाळलेले असते ते काही सुटत नाही; ते निराधार होऊन आपल्याच दारात उभे राहते आणि कुणीतरी ते हाती घेईपर्यंत तिथून हलत नाही.

सटवाईच्या रात्रीमागे भय होते, आणि ते भय खरे होते. जन्मानंतरचा पहिला आठवडा शतकानुशतके अर्भकांच्या मृत्यूचा आठवडा होता. अस्वच्छ पात्याने कापलेल्या नाळेतून शिरलेला धनुर्वात नेमका याच सुमारास ते इवलेसे शरीर ताठ करून टाकी, आणि शेजारी निजलेल्या आईच्या हाती काही उरत नसे. जिथे हात चालत नाहीत तिथे माणूस दिवा लावतो. पुढे गर्भवतीला टोचायची लस आली, स्वच्छ पाते आले, सुईण शिकली, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. इतकी मोठी घटना, पण तिची पालखी कुठे निघाली नाही, तिच्या नावाने कुणी तोरण बांधले नाही. मला याची खंत वाटते. ज्या लसीने सटवाईचे काम तिच्याहून चोख केले, तिच्याविषयी कृतज्ञतेचा एखादा दिवस, एखादे गाणे आपल्याजवळ असते, तर माझ्यासारख्या आयांना मुलांपुढे रिकाम्या ओंजळीने उभे राहावे लागले नसते.

श्रावणातल्या शुक्रवारी शेजारच्या घरांतून जिवतीचा कागद भिंतीवर लागतो: वर नृसिंह, मग कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, खाली पाळणा आणि मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, शेवटी हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. बायका पुरणाचे दिवे करून आपापल्या मुलांना ओवाळतात, आणि जी मुले दूर देशी असतात त्यांच्यासाठी चारही दिशांना अक्षता टाकतात. त्या चार दिशांच्या अक्षतांपुढे मला कधीही वाद सुचलेला नाही. माझी मुलगी तापाने फणफणली की सासूबाई मीठ-मोहरी आणि मिरच्या मुठीत धरून तिच्यावरून उतरवतात, विस्तवावर टाकतात, आणि ठसका लागला नाही की दृष्ट जबर होती असे समाधानाने सांगतात. मी त्यांचा हात धरत नाही; औषधाचा डोस आधीच पोटात गेलेला असतो, आणि त्या मुठीत दोन पिढ्यांपूर्वी गेलेल्या मुलांची आठवण आहे हे मला ठाऊक असते. सीमा मात्र असावी लागते, आणि ती ठामपणे आखावी लागते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप वा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरपासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला, त्या कायद्याची रेघ मला घरातही पुरते: मायेचा हात औषधाच्या आड येईपर्यंत तो मायेचाच.

भयानंतर प्रश्न येतात. या भूमीतले सर्वांत हट्टी प्रश्न विचारणारे मूल कठोपनिषदात आहे, हे मला फार मोलाचे वाटते. बाप यज्ञ करून सर्वस्व दान करायला निघालेला, आणि दानासाठी हाकारलेल्या गाई म्हाताऱ्या, दूध आटलेल्या. त्या विधीच्या ऐन मध्यभागी उभा राहून नचिकेत बापाला विचारतो, मग मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप संतापून म्हणतो, मृत्यूला. आणि मृत्यूच्या दारी तीन रात्री उपाशी काढलेला तो पोरगा खुद्द यमालाही तेच करतो. यम राज्य देऊ पाहतो, हत्ती-घोडे देऊ पाहतो, दुसरे काहीही माग म्हणतो, पण पोर मेल्यावर माणसाचे काय होते या प्रश्नावरून हलत नाही. बाप चिडला, यमाने टाळाटाळ केली, प्रश्न टिकला. ही गोष्ट माझ्या मुलीला सांगताना मला जाणवत राहिले, की त्या चिडलेल्या बापाच्या जागी मीही सहज उभी राहू शकते. ‘देवाने केले’ या उत्तराने जसा प्रश्न मिटतो, तसाच ‘देव वगैरे काही नसते’ या उत्तरानेही तितक्याच झटक्यात मिटतो. चंद्र कुणी टांगला असे विचारणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला गच्चीवर नेऊन तो रोज किती सरकतो हे दाखवायला पुष्कळ संध्याकाळी लागतात, आणि त्या संध्याकाळी आपण तिला दिल्या की नाही यावरच आपल्या घरातल्या बुद्धिवादाची परीक्षा होते.

घराच्या उंबऱ्याबाहेर हे सारे अवघड होत जाते. बाहेरचा समाज श्रद्धाळू आहे, आणि त्याची श्रद्धा बहुतेक वेळा मनमिळाऊ आहे. ती हात पुढे करते, प्रसाद देते, मुलाच्या गालाला हात लावून ‘नमो बाप्पा कर’ म्हणते. अशा प्रेमळ आज्ञेला नकार कसा द्यावा हे कुठल्याही ग्रंथात लिहिलेले नाही. आमच्या इमारतीतल्या गणपतीत माझी मुलगी दहाही दिवस जात असे. मूर्तीपेक्षा तिला झांज खुणावत होती, आणि झांजेहूनही अधिक, एका सुरात ओरडणारी तिच्याएवढी वीस मुले. आरत्या तिला तोंडपाठ झाल्या. एकदा एका मैत्रिणीने तिला सांगितले, तुमच्या घरी देव नाही म्हणजे तुम्हांला पाप लागणार. ती रडत घरी आली. पापाची तिला तितकी भीती वाटली नव्हती. त्या वाक्यातले ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ तिला झोंबले होते. लहान मुलाला विश्वाच्या निर्मात्यावाचून फारसे अडत नाही, पण टोळीवाचून त्याचे क्षणभरही चालत नाही.

शाळेतल्या प्रार्थनेचे तेच. नाशिकमधल्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, त्यापायी त्याची वाढीव वेतनश्रेणी अडकली, आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येत नाही असे म्हटले. तो प्रौढ माणूस होता, आपल्या न जोडलेल्या हातांची किंमत मोजायला समर्थ होता. सात वर्षांच्या मुलीने काय करावे? मला याबाबतीत केरळातल्या तीन भावंडांचा आधार वाटत आला आहे. १९८५ मध्ये ती शाळेतून काढली गेली, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत पण गात नसत. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ती मुले, आणि देवावाचून कुणाचे स्तवन गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत बसवले. गंमत नव्हे, गहन गोष्ट आहे ही: ज्या मौनाचा आश्रय उद्या माझी मुलगी घेईल, ते मौन या देशात तीन परम श्रद्धाळू मुलांनी मिळवून दिले आहे. आम्ही मुलीला तेच सांगितले, की सगळे उभे राहतील तेव्हा नीट उभी राहा, इतरांचे डोळे मिटलेले असताना गडबड करू नको, आणि हात जोडायचे की नाही ते तुझे तू ठरव. ती कधी जोडते, कधी जोडत नाही. मी विचारत नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की धर्म टाकून दिलेली माणसे पुष्कळ असतील, पण आपल्यापाशी तो मुळात कधीच नव्हता. बापाने त्याला शिकवले होते, की जग कुणी निर्मिले या प्रश्नाच्या उत्तरापाठोपाठ देव कुणी निर्मिला हा प्रश्न उभाच राहतो. पण त्याच बापाने त्याला आणखी एक शिकवण दिली: हे विचार चारचौघांत बोलून दाखवणे शहाणपणाचे नाही. या दुसऱ्या शिकवणीत काही नैतिक तोटा होता हे मिलने पुढे मोकळेपणाने नोंदवले. घरात सत्य आणि दारात मौन, अशा दोन खोल्यांत वाढलेल्या मुलाच्या मनाला जी सवय लागते तिचे भय मला देवभयाहून मोठे वाटते. म्हणून आमच्या घरात असा नेम आहे, की विचारले तर खरे सांगायचे आणि न विचारता कुणाला शिकवायला जायचे नाही. नेम पाळणे सोपे नसते. शाळेच्या अर्जातला धर्माचा रकाना तर विचारतोच. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की आपला कुठलाच धर्म नाही असे म्हणण्याचा अधिकार नागरिकाला आहे आणि सरकार त्याला धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. ती याचिका करणारी माणसे येशूला मानणारी होती; त्यांना ख्रिस्त हवा होता, संघटित धर्माचे लेबल नको होते. श्रद्धावंत आणि आमच्यासारखे यांच्यामधली भिंत दुरून दिसते तितकी सलग नाही, हे मला अशा निकालांनी शिकवले.

रकान्याआधी नाव येते, आणि नाव हा आईबापांनी मुलाच्या अंगावर लिहिलेला पहिला विचार असतो. आंध्रातले नास्तिक विचारवंत गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, यांनी आपल्या मुलांची नावे दैवतांकडून न घेता काळाकडून घेतली: १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी जन्मलेला तो लवणम्, महायुद्धाच्या दिवसांतला तो समरम्, आणि नववे अपत्य ते नौ. याच गोरांच्या मुलीचा विवाह दलित तरुणाशी सेवाग्रामला व्हावा असे गांधींशी बोलणे झाले होते, आणि विवाहाच्या शपथेत ईश्वराच्या जागी सत्य हा शब्द घालायला त्या परम ईश्वरनिष्ठ म्हाताऱ्याने संमती दिली होती. विवाहाआधी गांधींची हत्या झाली. तरी मार्च १९४८ मध्ये तो विवाह सेवाग्रामलाच पार पडला, एका शब्दापुरता नास्तिकाकडे सरकलेल्या संमतीच्या सावलीत. आपल्याकडे नरेंद्र दाभोलकरांनी मुलाचे नाव हमीद ठेवले, समाजसुधारक हमीद दलवाईंविषयीच्या आदरापोटी. साताऱ्यासारख्या गावात ते नाव हजेरीच्या वहीत वाचले जात असताना त्या मुलाला काय काय ऐकावे लागले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. आईबापांचे धैर्य मुलांच्या खांद्यावरून फिरते. ते किती वजनाचे असावे हे ठरवताना माझा हात कापतो, आणि तो कापावा असेच मला वाटते.

आणखी एक चिंता मला आरंभापासून होती, कदाचित सर्वांत मोठी. देव वगळला तर मराठीतले किती उरते? ओवी जात्यावर फिरते ती विठ्ठलाच्या नावाने, सह्याद्रीच्या घाटांना राखणदार आहेत, आषाढात सबंध प्रांत चालू लागतो. हे सारे ‘भ्रम’ या एका अडगळीत लोटून मुलीला वाढवणे म्हणजे तिला तिच्याच भाषेत परदेशी करणे. यावर मला वाट दिसली ती दामोदर धर्मानंद कोसंबींच्या पायवाटांनी. गोव्यातून बुद्धाच्या शोधात घर सोडून गेलेल्या धर्मानंदांचा हा मुलगा गणिती, मार्क्सवादी, कुठल्याही देवापुढे न वाकणारा. आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, तिवाठ्यांवर, कार्ल्याच्या परिसरात हिंडून शेंदूर फासलेल्या दगडांपाशी बसून त्याने म्हसोबा आणि मातृदेवतांची जेवढी विचारपूस केली तेवढी क्वचितच कुणा भाविकाने केली असेल. पाळण्याभोवती फिरणाऱ्या त्या वरवंट्याकडेही त्याचे लक्ष गेले होते, आणि त्यात त्याला अश्मयुगापासून वाहत आलेला एक धागा दिसला. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे त्याचे पुस्तक १९६२ चे. त्या पानांवरून मला असे आश्वासन मिळाले, की दगडाला देव न मानताही त्याच्याविषयी अपार आस्था बाळगता येते. मुलीला मी सगळ्या गोष्टी सांगितल्या: गजेंद्राची, शबरीची, ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजणाऱ्या मुक्ताईची, इसापची, इब्राहीमाच्या मुलाची, सिद्धार्थाच्या हंसाची. कुठली खरी, असे तिने विचारले की मी तिला विचारत असे, तुला त्यात खरे काय वाटते? शबरीची बोरे खरी आहेत, असे ती एकदा म्हणाली. मीही तसेच मानते.

मृत्यूपाशी मात्र गोष्टी थकतात. आजोबा गेले तेव्हा घरी आलेला प्रत्येक जण मुलीला जवळ घेऊन सांगत होता, आजोबा देवाघरी गेले. ते वाक्य किती मऊ आहे, आणि शोकाच्या क्षणी मऊपणाची गरज किती असते! आमच्यापाशी देवाघर नव्हते. आम्ही तिला सांगितले, की आजोबांचे हृदय थांबले, त्यांना आता दुखत नाही, ते परत येणार नाहीत. आणि एवढे सांगून आम्ही तिला एकटे सोडले नाही, कारण असे सत्य सांगणाऱ्याने रात्रभर उशाशी बसायची तयारी ठेवावी लागते. तेराव्या दिवशी पिंड नव्हते. तरी माणसे हवी होती. दहावे-तेरावे यांची खरी शक्ती त्या पिंडांत नसून घर तेरा दिवस माणसांनी भरलेले ठेवण्यात आहे, हे मला तेव्हा आतून पटले, आणि आम्ही फोन करून सगळ्यांना बोलावले, पिठलं-भाकरीचा स्वयंपाक केला, आणि ज्याला जे आठवेल ते बोलू दिले. १८९० मध्ये जोतीराव फुले गेले तेव्हा दत्तक यशवंताने टिटवे, म्हणजे अंत्यविधीचे मडके, धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, आणि सावित्रीबाई ते स्वतः हाती घेऊन अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या. विधी सोडणाऱ्यांनाही शेवटी असे काहीतरी हातात घेऊन चालावेच लागते. ते कुणी दिले, यापेक्षा ते कुणी उचलले हे मुलांच्या लक्षात राहते.

आता मुलगी मोठी होते आहे, आणि जो प्रश्न मी बरीच वर्षे दूर ठेवला तो जवळ आला आहे. अश्रद्धा वारशाने देता येते का? बर्ट्रांड रसेलने मुलांना धर्ममुक्त वाढवण्यासाठी पत्नीसह शाळाच काढली, आणि त्याची मुलगी कॅथरिन पुढे ख्रिस्ती झाली, नवऱ्यासह धर्मकार्यासाठी युगांडाला गेली. १९७५ मध्ये बापावर तिने लिहिलेले पुस्तक प्रेमाने भरलेले आहे. इरावती कर्वे रँग्लर परांजप्यांच्या निरीश्वरवादी घरात वाढल्या, कर्व्यांच्या सुधारकी घरात नांदल्या, आणि समाजशास्त्राची वही घेऊन पंढरीच्या वाटेला लागल्या. ‘वाटचाल’ या त्यांच्या लेखात अभ्यासकाची नजर आणि वारकऱ्याचा गहिवर कुठे वेगळे होतात ते मला आजवर ओळखता आलेले नाही, आणि दिंडीतल्या ब्राह्मण-मराठ्यांच्या वेगळ्या पंक्ती त्यांना किती डाचल्या तेही त्यात आहे. जन्मावरून धर्म ठरू नये असे मी आयुष्यभर म्हणत आले. मग जन्मावरून नास्तिकताही ठरू नये. हे तर्काने मान्य करायला क्षणही लागत नाही. काळजाने मान्य करायला मला अजून लागतो आहे.

म्हणून मी पुन्हापुन्हा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ उघडते. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर जोतीरावांनी ते डाव्या हाताने लिहिले, आणि ते गेल्यानंतर १८९१ मध्ये ते छापले गेले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे: बाईने वाचून विचारून बौद्ध धर्म स्वीकारावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म पत्करावा, आणि सगळ्यांनी एका छपराखाली कुणी कुणाचा द्वेष न करता राहावे. एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला पोटच्या पोरासारखे वाढवलेल्या माणसाने ते घर कल्पिले, यात मला आश्चर्य वाटत नाही. जोतीराव निर्मिक मानत होते. त्या घरात काहीच न मानणारे मूल त्यांनी लिहिलेले नाही. तरी त्या पंगतीत माझ्या मुलीसाठी पाट मांडला असता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. मला स्वतःला विचारायचे असते ते उलट: उद्या ती हातात टाळ घेऊन, किंवा माळ, किंवा क्रूस, या दारात उभी राहिली तर माझ्या घरात तिचा पाट तसाच मांडलेला असेल का? मी तिला सांगून ठेवले आहे की असेल. एवढेच मागून ठेवले आहे, की जे मानशील ते वाचून, विचारून मान; आणि तुझ्या घरात कधी देव्हारा आला, तर ‘तुमच्या घरी देव नाही’ असे ऐकून रडत आलेल्या मुलीला त्या घरात सगळ्यांच्या आधी वाढ.